पाण्याखालचा राखीव श्वास

धाराशिव - आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. येथील पोहणे विहिरीतले. शिकाऊ मुलाच्या पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधायचा आणि एका जाणत्या माणसाने काठावर लक्ष ठेवून उभे राहायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. मात्र सुट्टीत मालवण, तारकर्ली, गोवा किंवा अंदमानला जाणाऱ्या जिल्ह्यातील पर्यटकांच्या यादीत आता 'स्कूबा डायव्हिंग'ही असते. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, तर मालवणचा किनारा १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. तेथील प्रवाळ आणि रंगीत मासे पाहण्यास जाणाऱ्याने एका साध्या उपकरणाची माहिती करून घेणे हिताचे आहे. ते म्हणजे पाणबुड्याजवळचा दुसरा, राखीव रेग्युलेटर.

रेग्युलेटर म्हणजे काय?

सिलिंडरमध्ये साधी, कोरडी हवा सुमारे २०० बार दाबाने भरलेली असते. ती थेट फुप्फुसात घेता येत नाही. सिलिंडरच्या तोंडावर बसणारा रेग्युलेटरचा पहिला टप्पा हा दाब सभोवतालच्या पाण्यापेक्षा साधारण ९ ते १० बार अधिक एवढ्यावर आणतो. नळीतून तोंडापर्यंत आल्यावर दुसरा टप्पा तो सभोवतालच्या पाण्याच्या दाबाइतका करतो आणि श्वास ओढला तेवढीच हवा सोडतो. फ्रान्समधील नौदल अधिकारी जाक-इव्ह कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यान यांनी १९४३ मध्ये तयार केलेल्या 'अ‍ॅक्वा-लंग'पासून ही पद्धत रुळली.

सुरुवातीची अनेक वर्षे तोंडात धरायचा भाग एकच असे. एखाद्याची हवा संपली तर दोघांनी तोच आळीपाळीने वापरायचा. एकाने दोन श्वास घ्यायचे, मग दुसऱ्याकडे द्यायचा. शांत तलावात हे जमे, पण घाबरलेला माणूस हाती आलेला रेग्युलेटर परत देत नसे. शिवाय वर येताना श्वास रोखून धरला तर फुप्फुसातील हवा प्रसरण पावून ते फाटण्याचा धोका असतो. यावरचा उपाय म्हणून त्याच पहिल्या टप्प्याला आणखी एक दुसरा टप्पा जोडण्यात आला. नळ्यांचा पसारा आठ पायांच्या प्राण्यासारखा दिसू लागल्याने त्याला 'ऑक्टोपस' हे नाव पडले.

बाळगण्याच्या चार पद्धती

पहिली आणि सर्वाधिक प्रचलित पद्धत ऑक्टोपसची. त्याची नळी सुमारे एक मीटर, म्हणजे नेहमीच्या नळीपेक्षा लांब असते. नळी व झाकण बहुधा पिवळ्या रंगाचे असते, कारण गढूळ पाण्यातही ते चटकन दिसावे. हनुवटी आणि बरगड्यांची खालची दोन टोके यांच्यामधील त्रिकोणात, छातीवर तो अडकवतात. अडकवणारी पकड हलक्या हिसक्याने सुटेल अशी हवी. नळी नुसती लोंबकळत ठेवल्यास ती प्रवाळावर घासते, वाळूने भरते आणि गरजेच्या क्षणी सापडत नाही.

दुसऱ्या पद्धतीत राखीव रेग्युलेटर हा फुगवता येणाऱ्या जाकिटाच्या हवा भरण्याच्या नळीतच बसवलेला असतो. त्यामुळे एक नळी कमी होते. मात्र ही नळी आखूड असल्याने ती जोडीदाराला देता येत नाही. तोंडातील रेग्युलेटर त्याला द्यायचा आणि स्वतः जाकिटाच्या नळीतून श्वास घ्यायचा, असा येथील नियम आहे.

तिसरी पद्धत गुहांमध्ये उतरणाऱ्या पाणबुड्यांकडून आली. मुख्य रेग्युलेटरची नळी सुमारे दोन मीटर लांब असते आणि राखीव रेग्युलेटर रबरी कंठ्याने हनुवटीखाली अडकवलेला असतो. अरुंद वाटेतून दोघांना एकामागोमाग बाहेर पडता यावे, हा लांब नळीचा हेतू. संकटात तोंडातला, म्हणजे चालू असल्याची खात्री असलेला रेग्युलेटर जोडीदाराला दिला जातो. आपला राखीव रेग्युलेटर गळ्याशीच असल्याने तो शोधावा लागत नाही.

चौथी पद्धत स्वतंत्र छोट्या सिलिंडरची. त्याला स्वतःचा वेगळा रेग्युलेटर असतो. वरील तिन्ही पद्धतींत हवा एकाच सिलिंडरमधून येते. स्वतःचे सिलिंडर रिकामे झाले तर स्वतःचा ऑक्टोपसही निरुपयोगी ठरतो. तो मुख्यतः जोडीदारासाठी असतो, हे नवशिक्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

हिशेब हवेचा

दर १० मीटर खोलीला दाब १ बारने वाढतो. म्हणून २० मीटरवर एका श्वासाला पृष्ठभागाच्या तिप्पट हवा लागते. समजा, १८ मीटरवर एकाची हवा संपली. घाबरलेल्या अवस्थेत प्रत्येकाला पृष्ठभागाच्या हिशेबाने मिनिटाला ३० लिटर, म्हणजे दोघांना ६० लिटर हवा लागते असे धरू. सावरण्यास एक मिनिट लागले तर सुमारे १७० लिटर, मिनिटाला ९ मीटर वेगाने वर येण्यास सुमारे २३० लिटर आणि ५ मीटरवरील तीन मिनिटांच्या थांब्याला २७० लिटर, असा एकूण खर्च ६७० लिटरच्या घरात जातो. अ‍ॅल्युमिनियमच्या नेहमीच्या सिलिंडरची धारणक्षमता साधारण ११ लिटर असते. म्हणजे मदत करणाऱ्याच्या सिलिंडरमध्ये त्या क्षणी ६० बारहून अधिक हवा हवी. ५० बार उरेपर्यंत तळाशी रेंगाळणाऱ्या जोडीला हा हिशेब पुरत नाही. हवा फारच कमी असेल तर थांबा सोडून सावकाश वर येणे श्रेयस्कर.

उतरण्यापूर्वी

राखीव रेग्युलेटर पाण्यात शिरण्यापूर्वीच तपासायचा असतो. त्यातून दोन-चार श्वास घेऊन पाहावेत आणि त्याच वेळी दाबमापकाकडे लक्ष द्यावे. श्वास घेताना काटा डुलत असेल तर सिलिंडरची झडप पूर्ण उघडलेली नाही, असे समजावे. माऊथपीस वर करून तो पाण्यात बुडाल्यास त्यातून आपोआप हवा उसळू लागते. तसे झाले तर माऊथपीस खाली करताच प्रवाह बहुधा थांबतो. जोडीदाराच्या साहित्यात राखीव रेग्युलेटर कोठे आहे आणि संकटात तो कोणता देणार, हे किनाऱ्यावरच विचारून घ्यावे. गळ्यावरून आडवा हात फिरवणे ही 'हवा संपली' अशी खूण होय.

प्रथमच उतरणारा पर्यटक प्रशिक्षकाच्या हाताला धरून काही मीटरच खाली जातो. त्याच्याकडून साहित्य हाताळण्याची अपेक्षा नसते. तरीही, 'तुमचा दुसरा रेग्युलेटर कोठे आहे?' हा प्रश्न त्याने होडीतच विचारावा. चांगला प्रशिक्षक त्याचा राग मानणार नाही, तो छातीवरचा पिवळा रेग्युलेटर दाखवील आणि तोंडात कसा धरायचा हेही सांगेल. उत्तर टाळले गेले, किंवा नळी पाठीमागे लोंबकळताना दिसली, तर त्या दिवशी होडीतूनच सिंधुदुर्ग किल्ला पाहून परतावे. विहिरीच्या काठावर जाणता माणूस नसेल तर आपण मुलाला पाण्यात सोडत नाही. समुद्रालाही तोच नियम लावावा.

- प्रतिनिधी