चार्जिंग नक्की खातं कोण?

गणपतीत गावी गेलो की माझा फोन दुपारीच मान टाकतो. पुण्यात तोच फोन रात्री झोपेपर्यंत टिकतो. दुकानदार म्हणाला, बॅटरी गेली. बदलली, पैसे गेले, फरक शून्य. कारण दोष बॅटरीचा नव्हताच, रेंजचा होता. आणि ही गोष्ट जुनी आहे.

भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ चा, ज्योती बसू आणि सुखराम यांच्यातला. त्या काळचा जीएसएम हँडसेट ९०० मेगाहर्ट्झवर जास्तीत जास्त २ वॉट ताकद लावू शकायचा. टॉवर जवळ असेल तर टॉवरच त्याला सांगायचा, हळू बोल, ऐकू येतंय. लांब असेल तर फोनला ओरडावं लागायचं, आणि ओरडायला चार्जिंग लागतं. हा नियम आजही तोच आहे. पण तेव्हा काम नसेल तर फोन बराच वेळ झोपून असायचा. म्हणून तर २००३ च्या नोकिया ११०० ला ८५० एमएएचची एवढीशी बॅटरी चार-चार दिवस पुरायची. (आमच्या घरी तो पुढे नुसता टॉर्च म्हणून चालला.)

इंटरनेट आलं आणि ही झोप उडाली. २००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये थ्रीजी नव्हतंच. थ्रीजीच्या चिप बॅटरी फार खातात, असं स्टीव्ह जॉब्जनी तेव्हा उघडच सांगितलं होतं. पुढच्या वर्षी आयफोन थ्रीजी आला, तेव्हाचे कंपनीचेच आकडे बघा: टूजीवर १० तास बोलणं, थ्रीजीवर ५. थेट निम्मं! शिवाय एक छोटा मेसेज आला तरी थ्रीजीचा रेडिओ पुढे काही सेकंद जागाच राहायचा.

फोरजीत हे बरंच सुधारलं. मग १ ऑक्टोबर २०२२ ला फाईव्हजी आलं. यातल्या एका पद्धतीत फोनला फोरजी आणि फाईव्हजी दोन्हींचा हात धरून ठेवावा लागतो. रेंज चांगली असेल तर जाणवत नाही. डोंगराआड मात्र फोन याला सोड, त्याला धर, पुन्हा शोध, हेच दिवसभर करत बसतो. सेटिंगमध्ये जाऊन नुसतं फोरजी ठेवलं तेव्हा माझा फोन संध्याकाळपर्यंत तरी पोचला.

पण पावसात दोन दिवस लाईट जाते तेव्हा काय? टॉवरची बॅटरी संपते, रेंज जाते, ती शोधता शोधता फोनही संपतो. नेमका ॲम्ब्युलन्सला फोन करायची वेळ येते तेव्हाच.

ट्रायच्या २०२४ च्या नियमांमुळे कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर टाकावे लागतात. त्या नकाशात आमचं गाव छान रंगवलेलं आहे. घरातला फोन मात्र पडवीच्या खांबाला पिशवीत टांगलेला असतो, कारण दोन काड्या तिथेच येतात.