दोन दांड्यांचा गिअर

सायकलचा गिअर म्हटलं की हँडलवरचा खटका, त्यातून निघणारी केबल आणि मागच्या चाकाशी लोंबणारी, चेन ताणून धरणारी दोन चिमुकली चाकं डोळ्यांपुढे येतात. इटलीत दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे घडलेल्या एका गिअरमध्ये यातलं काहीच नव्हतं. सीटपासून मागच्या आसाकडे उतरणाऱ्या उजव्या नळीला लावलेल्या दोन पोलादी दांड्या, एवढाच त्याचा पसारा. त्याचं नाव काम्बिओ कोर्सा. सायकलच्या इतिहासात त्याची नोंद बहुधा एक विचित्र आडवाट म्हणून होते आणि तो त्याच्यावर अन्याय आहे. या गिअरचं कूळ शोधायला गिअरच्या घराण्यात गेलं तर काही हाती लागत नाही. ते चाकाच्या नटात आहे.

१९२०च्या दशकात शर्यतीच्या सायकलला मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दातेरी चक्र असायचं, एका बाजूला लहान, दुसरीकडे मोठं. घाटाच्या पायथ्याशी स्वार उतरायचा, दोन्हीकडचे पंखाचे नट सोडायचा, चाक काढून उलटं बसवायचा, नट आवळायचा आणि चढाला लागायचा. माथ्यावर पुन्हा तेच. चालत्या सायकलवर चेन सरकवणारी यंत्रं फ्रान्समध्ये हौशी प्रवासी तेव्हाही वापरत होते. पण तूर द फ्रान्सचा संस्थापक आंरी देग्रांज याला ती शर्यतीत नको होती. चढ पायांच्या ताकदीवर जिंकावा, यंत्राच्या नव्हे, हे त्याचं ठाम मत. तूरमध्ये अशा गिअरला सरसकट परवानगी मिळाली ती १९३७ साली, देग्रांज पायउतार झाल्यावर.

व्हिचेन्झाचा तुल्लिओ कांपान्योलो हा त्या नटांशी झगडणाऱ्या स्वारांपैकीच एक. नोव्हेंबर १९२७मध्ये क्रोचे द'आउने या घाटात, बर्फात, गारठलेल्या बोटांनी त्याला नट सोडवता आला नाही आणि शर्यत हातची गेली, अशी कथा सांगतात. तिचा तपशील अभ्यासकांनी बराच तपासला आहे आणि सगळ्यांना तो पटलेला नाही. पक्कं आहे ते एवढं, की १९३०च्या सुमारास त्याने पोकळ आसातून आरपार जाणारा गज आणि त्याच्या टोकाला एक तरफ अशी रचना केली. तरफ फिरवली की चाक सुटतं, उलटी फिरवली की घट्ट बसतं. पाना नको, नट नको. १९३३मध्ये त्याने व्हिचेन्झात स्वतःचा कारखाना काढला.

मग त्याने या तरफेलाच लांब केलं. स्वाराचा हात सीटवर बसल्या बसल्या पोचेल इतकं लांब. काम्बिओ कोर्साची एक दांडी म्हणजे ही लांबवलेली तरफ. दुसरीच्या टोकाला चेन कवेत घेणारा छोटा चिमटा.

गिअर बदलताना काय होतं, ते सावकाश पाहण्यासारखं आहे. स्वार उजवा हात मांडीमागे नेतो आणि पहिली दांडी फिरवतो. मागचं चाक मोकळं होतं. होय, धावत्या सायकलचं, घाटात! मग तो पेडल उलटं मारू लागतो आणि दुसऱ्या दांडीने चेन शेजारच्या चक्रावर ढकलतो. पेडल उलटं का? चिमटा चेनच्या वरच्या पदराला धरतो. पेडल सरळ मारलं की हा पदर चक्रावरून सुटून पुढे जात असतो, त्याला ढकलून उपयोग नाही. उलटं मारलं की तोच पदर चक्रावर चढू लागतो आणि चिमटा नेईल तिथे जातो. आता प्रश्न चेनच्या लांबीचा. मोठ्या चक्राला चेन जास्त लागते, लहान चक्रावर ती सैल पडते. इथे आख्खं चाकच फ्रेमच्या लांब खाचेत पुढे-मागे सरकतं. मोठ्या चक्रावर जाताना चेनच त्याला पुढे ओढते, लहान चक्रावर आल्यावर स्वाराच्या भाराने ते मागे जातं. आसाच्या टोकांना दात आणि खाचेलाही दात, त्यामुळे चाक तिरकं होत नाही. शेवटी पहिली दांडी आवळायची की काम झालं.

चेन ताणणारी चाकं नसल्यामुळे ती पुढच्या चक्रावरून थेट मागच्या चक्रावर जायची. वाटेत घर्षण नाही, चिखल धरायला जागा नाही, मोडायला नाजूक स्प्रिंग नाही. खडीच्या, फुटक्या रस्त्यांवर धावणाऱ्यांना याची किंमत कळत होती. सगळी नाजूक जबाबदारी कांपान्योलोने यंत्राकडून काढून स्वाराच्या हाताकडे दिली, आणि या रचनेत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. अर्थात तो हात तयार व्हायला सराव लागे, आणि चुकलेल्या क्षणी चाक सैल असे. हा धोका खराच होता.

१९४८च्या तूरमध्ये जिनो बार्ताली याच गिअरवर होता. वय ३४. आल्प्स लागण्याआधी तो आघाडीवरच्या लुईझों बोबेच्या २० मिनिटांहून अधिक मागे होता. मग इझोआरच्या घाटातून ब्रियाँसों, तिथून ए-ले-बँ आणि पुढे लोझान, असे लागोपाठ तीन टप्पे त्याने जिंकले आणि तूरही जिंकली, पहिल्या विजयानंतर तब्बल १० वर्षांनी.

पुढे दोन दांड्यांची एक झाली. १९५०मध्ये फाउस्तो कोप्पीने पारी-रूबे जिंकल्यावर त्या एकदांडी गिअरला शर्यतीचंच नाव मिळालं. पण तोवर फ्रेंच कारखान्यांचे केबलचे गिअर बरेच सुधारले होते. त्यांत चाक सोडावं लागत नव्हतं आणि पेडलही सरळच मारायचं. कांपान्योलोने हे ओळखलं आणि स्वतःच केबलचा, चौकोनी बिजागरीवर हलणारा ग्रान स्पोर्ट काढला. दांड्यांचा गिअर त्याच्याच कारखान्याने मोडीत काढला. चाक सोडवणारी आखूड तरफ मात्र टिकली आणि पुढची कित्येक दशकं जगभरच्या सायकलींवर फक्त तिचं मूळ काम करत राहिली.