हौशी मोटारवाल्यांची सामुदायिक खरेदी

मोटारगाडीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी कारखानदारांची चरित्रे लिहिली, शर्यती जिंकणाऱ्यांचे पराक्रम वर्णिले, यंत्रविशारदांच्या कल्पकतेचा यथोचित गौरव केला. परंतु कारखान्याने जे द्यावयाचे टाळले ते दहावीस समानशीलांची नावे कागदावर उतरवून, त्यांच्याकडून आगाऊ रक्कम वसूल करून, एखाद्या लहानशा कर्मशाळेकडून घडवून घेणाऱ्या बिनपगारी गृहस्थाची दखल त्या इतिहासात जवळजवळ नाही. इंजिनातील तेल थंड राखणाऱ्या ऑइल कूलरच्या संचांची अशी एकत्र खरेदी मोटारप्रेमींच्या मंडळांत आज रूढ झाली आहे, आणि तिचा पूर्ववृत्तांत पाहू गेल्यास हा गृहस्थ कारखान्याचाच खरा उत्तराधिकारी ठरतो, असे माझे मत आहे.

इंजिनातील तेल हे केवळ वंगण नव्हे. क्रँकशाफ्टची बेअरिंगे आणि पिस्टनचे तळ येथवर थंड करणारे पाणी पोचत नाही; तेथील दाह तेलालाच वाहून आणावा लागतो. शंभर अंश सेल्सियसच्या आसपास ते आपले काम निर्वेधपणे करते, परंतु दीर्घकाळ भरधाव धावल्यावर ते एकशेतीस-चाळीस अंशांच्या पुढे गेले की पातळ होते, धातूधातूंमधील त्याचा पडदा विरतो आणि बेअरिंगांवर ओरखडे उठू लागतात. फर्डिनंड पोर्शे यांनी 1930 च्या दशकात आखलेल्या फोक्सवॅगनमध्ये, जिला पुढे जग बीटल म्हणून ओळखू लागले, पाण्याचा संबंधच नव्हता. सारी भिस्त हवेवर आणि तेलावर. तिचा ऑइल कूलर पंख्याच्या आवरणातच उभा केलेला असल्यामुळे त्यातून तापून निघालेली हवा खालच्या तिसऱ्या सिलिंडरवर येई, आणि त्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह इतरांच्या आधी जळे. ही व्यथा जगभरचे मेकॅनिक जाणून होते. 1971 च्या मॉडेलपासून कंपनीने कूलर त्या जागेवरून हलवून त्याला हवेचा स्वतंत्र मार्ग करून दिला. या रचनेला हौशी लोक ‘डॉगहाउस’ म्हणतात. सुधारणा उत्तम होती, पण ती नव्या गाड्यांना मिळाली. आधी रस्त्यावर आलेल्या असंख्य गाड्यांच्या मालकांनी काय करावे, हा प्रश्न कंपनीच्या दफ्तरी नव्हता.

पोर्शेच्या 911 या गाडीतही हेच घडले. 1969 च्या मॉडेलात ‘एस’ या महागड्या प्रकाराला पुढच्या उजव्या मडगार्डच्या आत जादा कूलर मिळाला, आणि मागच्या इंजिनातले तेल लांब नळ्यांतून गाडीच्या नाकापर्यंत जाऊन परत येऊ लागले. साध्या प्रकारांना ती सोय नव्हती. इंग्लंडमध्ये 1962 साली निघालेल्या एमजीबीला आरंभी स्वदेशात कूलर ऐच्छिक होता, 1964 मध्ये पाच बेअरिंगांचे इंजिन आले तेव्हा तो कायमचा झाला. जे शेजाऱ्याच्या गाडीत कारखान्यातूनच आले आहे ते आपल्या गाडीत का नसावे, या न्याय्य असंतोषातून हौशी माणसाची खटपट सुरू होते.

ही खटपट शक्य झाली ती मात्र युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या भूदलाने व आरमाराने विमानांतील नळ्यांच्या जोडण्यांचे एकच प्रमाण ठरविले: सदतीस अंशांचा शंकू, आणि नळीचा बाहेरचा व्यास इंचाच्या सोळाव्या भागांत मोजून दिलेला क्रमांक. त्यामुळे एका गावच्या कर्मशाळेने केलेली जोडणी दुसऱ्या देशातल्या नळीवर बिनचूक बसू लागली. आज या आर्मी-नेव्ही प्रमाणातील नुसते ‘ए एन दहा’ म्हटले की मोटारवाल्याला अधिक विचारावे लागत नाही. कूलर, इंजिन आणि ऑइल फिल्टर यांच्यामध्ये बसणारी चकती, तेल ऐंशी अंशांच्या आसपास तापेपर्यंत त्याला कूलरकडे जाऊ न देणारा थर्मोस्टॅट, पोलादी तारांची वीण असलेल्या नळ्या, हे सर्व भिन्न ठिकाणांहून आणून एक संच बांधता येतो तो या प्रमाणामुळेच. थर्मोस्टॅट वगळून पैसे वाचविणाऱ्यांना मी दोषच देईन, कारण अतिथंड तेलातून ओलावा उडून जात नाही आणि इंजिन निराळ्या मार्गाने झिजते.

एकत्र खरेदीची कल्पना अर्थातच मोटारीहून जुनी आहे. 21 डिसेंबर 1844 रोजी इंग्लंडातील रॉचडेल गावी टोड लेनमध्ये विणकर व इतर कारागिरांनी अठ्ठावीस पौंडांच्या भांडवलावर पीठ, लोणी, साखर आणि मेणबत्त्या यांचे दुकान मांडले, तेव्हा एकट्याला न परवडणारे दहाजणांना परवडते हे सिद्ध झाले होते. मोटारीच्या बाबतीत ही निकड निर्मात्याच्या पश्चात तीव्र होते. बेंटलीची मूळ कंपनी 1931 मध्ये बुडाली आणि रोल्स-रॉइसने ती घेतली. पाचच वर्षांनी, 1936 मध्ये, बेंटलीवाल्यांचा क्लब स्थापन झाला. एमजीचा ॲबिंग्डनचा कारखाना 1980 मध्ये बंद पडला. पोर्शेने हवेने थंड होणारी 911 बनविणे 1998 मध्ये थांबविले. अशा प्रत्येक घटनेनंतर गाडीचे पालकत्व तिच्यावर जीव असलेल्यांकडे आपोआप चालत आले.

या पालकत्वाचा खरा भार एका माणसावर पडतो. कर्मशाळा एका संचासाठी साचा करीत नाही; दहा मागा, वीस मागा, मग भाव उतरेल, असे ती सांगते. मग हा गृहस्थ नावे जमवितो, मुदत मुक्रर करतो, अनामत घेतो, आणि हो म्हणून गप्प बसलेल्यांना तगादा लावतो. भिशी चालविणाऱ्याप्रमाणे त्याची सारी पुंजी लोकांचा विश्वास हीच असते. माल परदेशातून येणार असेल तर हुंडणावळीचा दर, वाहतूक आणि जकात यांचा अंदाज त्याला आधीच बांधावा लागतो, कारण एकदा सांगितलेला आकडा वाढविला की निम्मी यादी गळते. पहिला संच तो स्वतःच्या गाडीवर चढवून पाहतो, भर उन्हात तेलाचे तापमान मोजतो, आणि स्टिअरिंग उजवीकडे असलेल्या गाडीत नळी दांड्याला घासते का, हेही तपासतो. रकमा घेऊन पुरवठादार बुडाल्याचे कटू अनुभव आल्यावर कित्येक मंडळांनी पैसा थेट कर्मशाळेकडे भरण्याचा आणि जमाखर्च सर्वांपुढे ठेवण्याचा प्रघात पाडला. तो मला अत्यंत स्तुत्य वाटतो.

यादीत दहा नावे लागत असता नऊच भरली, तर असा माणूस बहुधा पदरमोड करून दहावा संच स्वतः घेतो आणि घरी ठेवून देतो. मुदत टळल्यावर विचारणा करीत येणारा एखादा तरुण, ज्याने नुकतीच जुनी गाडी घेतलेली असते, तो संच त्याच जुन्या भावाने घेऊन जातो.