दावणीची कानडी

बैल घ्यायचे तर इस्लामपूरच्या शेतकऱ्यानं पूर्वेला जायचं, ही जुनी रीत. कवठे महांकाळ मागं टाकून जतच्या माळावर, कधी त्याच्याही पुढं विजापूरच्या अंगाला. आजोबा सांगायचे, विकणारा कानडी, घेणारा मराठी आणि दोघांच्या हातांवर एक उपरणं. तोंडानं पाऊसपाणी चालायचं, ज्याला जे येईल त्या बोलीत. भाव मात्र उपरण्याखाली बोटं दाबून ठरायचा.

अशाच येण्याजाण्यातून आजीचं स्थळ आलं. तिचं माहेर जतच्या पूर्व भागातलं. जत तेव्हा डफळ्यांचं संस्थान. घरात, रानात, देवळात कानडी. मराठी कानावर पडायची ती बाजारात आणि कचेरीत. आजी म्हणायची, "आले तवा मला नीट बोलाय येत न्हवतं. सासू काय सांगती ते तिच्या हाताकडं बघून कळायचं." दावणीची नवी जोडी तिच्याच मुलखातली. आजोबांनी दहादा हाकारलं तरी बैल हलायचे नाहीत, आणि आजीनं "बा, बा" म्हटलं की मान वळवायचे. पहिली दोन-तीन वर्षं घरात तिची कानडी ऐकणारे तेवढेच, असं ती सांगायची.

पोरं झाली तशी तिनं ती बोली आवरती घेतली. माझ्या वडिलांना कानडीचं एक वाक्यही येत नाही. पण मामाआजोबा आले की मी ओसरीवर जाऊन बसायचो. "ऊट आतेन्री?", म्हणजे जेवण झालं का, इथून त्यांची आणि आजीची सुरुवात व्हायची. मग पिकं, भाऊबंदकी, गावातली मयतं. एवढ्यात आतून कुणी पाण्याचा तांब्या घेऊन आलं की दोघंही वाक्य अर्ध्यावर सोडून मराठीत यायची. कुणी तसं सांगितलेलं नव्हतं. ते माणूस आत गेलं तरी पुढचा बराच वेळ मराठीच चालू राहायची.

कोण कुणासाठी आपली भाषा सोडून वळतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १९४८ साली जत संस्थान विलीन झालं. दुसऱ्या वर्षी सातारा जिल्हा दुभंगला आणि आमचा वाळवा तालुका दक्षिण साताऱ्यात आला. १९६० साली त्याच जिल्ह्याचं नाव सांगली झालं. पण घराघरात फरक पडला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. तोवर बेळगाव, विजापूर आणि आम्ही एकाच मुंबई राज्यात होतो. त्या दिवशी बेळगाव, निपाणी म्हैसूर राज्यात गेली, आणि जतच्या पूर्वेचा कानडी माणूस अलीकडं राहिला. निपाणीचा मराठी माणूस कचेरीत गेला की कानडीत वळतो, जतचा कानडी माणूस सांगलीला आला की मराठीत वळतो.

दूर स्पेनमध्ये बार्सिलोनाकडंही हाच अनुभव आहे. कॅटलन बोलणारा माणूस स्पॅनिश ऐकली की आपणहून तिकडं वळतो, आणि दोन माणसांची ओळख ज्या भाषेत होते तीच बहुधा पुढंही चालते. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत, १९७५पर्यंत, कॅटलनला शाळा-कचेऱ्यांत थारा नव्हता. घरांनीच ती जपली. १९७९ साली तिला स्पॅनिशच्या जोडीनं राजभाषेचं स्थान मिळालं आणि १९८३च्या कायद्यानं ती शाळेत परतली. आजीच्या कानडीला सासरी कुणी बंदी घातली नव्हती, तरी एका पिढीत ती घरातून गेली.

खरं तर या दोन भाषांचं आमच्याकडं कधी वैर नव्हतं. गुड्डापूरच्या दानम्मादेवीला दोन्हीकडची माणसं जातात, चिंचलीच्या मायाक्काला आमच्याकडच्या गाड्या जातात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' उभं केलं, त्यालाही निमित्त कानडी मुलखातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाचं. सांगलीकर ज्या नाटकाचा अभिमान बाळगतो, त्याच्या मुळाशी हे पाणी आहे.

आमच्याच तालुक्यातल्या ढवळीचे प्रा. एन. डी. पाटील सीमाभागातल्या मराठी माणसासाठी अखेरपर्यंत झटले. तो भाग महाराष्ट्रात यावा, ही त्यांची मागणी न्याय्य आहे, असं मी मनापासून मानतो. म्हणूनच जतच्या कानडी मुलांचा प्रश्न मला परका वाटत नाही. २०२४ साली कर्नाटकानं पाट्यांवर साठ टक्के कन्नडची सक्ती केली, तेव्हा बेळगावच्या मराठी दुकानदाराचं दुःख आपल्याला लगेच कळलं. त्याच वर्षी जतच्या काही कन्नड शाळांवर मराठी माध्यमाचे शिक्षक नेमले गेले. पहिलीच्या पोराला बाई काय म्हणतात ते समजलं पाहिजे. हे निपाणीत खरं असेल तर जतमध्येही खरंच आहे. आपल्या जिल्ह्यातल्या कन्नड शाळेला कन्नड जाणणारा शिक्षक मिळावा, हे इस्लामपूरच्या माणसानंच मोठ्यानं मागायला हवं.

मामाआजोबांची पणती तशाच एका शाळेत दुसरीत आहे. फोनवर ती माझ्यासाठी मराठीत वळते. हल्ली मीच तिला आधी कानडीत विचारतो, जेवलीस का म्हणून. माझं चुकलं की ती थांबवते आणि परत म्हणायला लावते.