तान्ह्या बाळाची पोटदुखी : घुटीपासून बाटलीपर्यंत



राजेरजवाड्यांचा आणि लढायांचा इतिहास लिहिणारी विद्वान मंडळी पुष्कळ आहेत. माझ्यासारख्या सातवी झालेल्या गृहिणीने त्यात लुडबुड करू नये हेच बरे. परंतु घरातल्या पाळण्यालाही इतिहास असतो, आणि तो बहुतेक बायकांनीच घडवलेला व बायकांनीच सोसलेला असतो. म्हणून आपल्या स्मरणिकेसाठी मी तान्ह्या बाळाच्या पोटदुखीचा विषय निवडला आहे. विषय लहान वाटेल, पण ज्या घरात दोन-तीन आठवड्यांचे मूल तिन्हीसांजेला रडायला लागते, त्या घराला तो मुळीच लहान वाटत नाही.

बाळ पाय पोटाशी ओढते, मुठी आवळते, तोंड लालबुंद करते आणि काही केल्या उगी राहत नाही. आजी म्हणते, पोटात वारा धरला. शेजारीण म्हणते, दृष्ट लागली. आई बिचारी दोघींच्या तोंडाकडे पाहते. हे आजचे नाही. आपल्याकडे बालरोगांवर काश्यपसंहिता नावाचा प्राचीन ग्रंथ आहे. त्याची जुनी पोथी नेपाळात सापडली आणि १९३८ साली तो ग्रंथ छापला गेला. ज्या मुलाला बोलता येत नाही त्याचे दुखणे कसे ओळखावे, यासाठी त्यात वेगळा अध्यायच आहे. पोटात शूळ उठलेले मूल स्तन सोडून देते, रडते, उताणे पडते, त्याचे पोट ताठरते आणि तोंडाला घाम येतो, असे त्यात सांगितले आहे. त्या काळच्या वैद्याने एखाद्या आईइतक्याच बारकाईने बाळाकडे पाहिलेले दिसते.

आपल्या घरोघरी यावर उपाय होता तो बाळघुटीचा. स्वच्छ सहाणेवर आईच्या दुधात मुरुडशेंग, वेखंड, हिरडा, हळकुंड, जायफळ, अतिविष यांचे ठरलेले वेढे उगाळायचे आणि ते चाटण बोटाने चाटवायचे. मुरुडशेंग दिसायलाच पीळ घातलेली, म्हणून पोटातल्या मुरड्यावर ती गुणकारी अशी समजूत. बेंबीभोवती हिंगाचे पाणी लावायचे, ओव्याच्या पुरचुंडीने हलका शेक द्यायचा. बाळंतिणीने जेवणानंतर बाळंतशेपा चावायची, म्हणजे तिचे दूध बाळाला बाधत नाही असे म्हणत. या साऱ्यात जायफळाचे वेढे मात्र जपून घालीत. जायफळ जास्त झाले की मूल झोपून राहते, हे जुन्या बायकांना पक्के ठाऊक होते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढची सगळी हकीकत तिच्याभोवतीच फिरते. बाळ उगी राहणे ही एक गोष्ट आणि बाळाचे दुखणे थांबणे ही दुसरी.

आता जरा विलायतेकडे वळू. इंग्लंडात नॉटिंगहॅम हे लेस विणण्याचे मोठे शहर होते. हजारो बाया आणि मुली पहाटेपासून रात्रीपर्यंत लेसच्या कामाला जुंपलेल्या असत. तान्ह्याला घेऊन बसावे तर हात थांबतो, आणि हात थांबला की मजुरी थांबते. मग गॉडफ्रे नावाचे गोड काढ्यासारखे औषध मुलाच्या तोंडात घालीत. काकवीत कालवलेली ती अफूच होती. मूल दिवसभर गुंगीत पडे, दूध मागेनासे होई, वाळत जाई आणि कित्येकदा जागेच होत नसे. तिकडच्या सरकारने कामकरी मुलांच्या स्थितीची चौकशी केली, तिच्या १८४३ च्या अहवालात या शहरातला हा प्रकार नोंदलेला आहे.

त्याच नॉटिंगहॅममध्ये १८५१ साली विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्याने एक नवी बाटली विकायला काढली. तिकडच्या दलदलीच्या मुलखात मुलांना ताप येई. त्यावर जे औषध देत, त्यावरून त्याने हे तयार केले. शेपूचे तेल, खाण्याचा सोडा, साखर, पाणी आणि शेकडा साडेतीनच्या आसपास मद्यार्क असा त्याचा पाठ होता. इंग्रजीत ग्राइप म्हणजे मुरडा, म्हणून त्याचे नाव ग्राइप वॉटर. १८७६ साली त्याने नावाची नोंदणी केली. पुढे साहेबाबरोबर ही बाटली आपल्याकडे आली आणि आपल्याच घरची असल्यासारखी फळीवर जाऊन बसली. आजीने आईला दिले, आईने मुलीला दिले, अशा धर्तीवर तिच्या जाहिराती होत. आपल्याकडे बाळंतशेपा आणि तिकडे शेपूचे तेल, म्हणजे दोन्हीकडच्या आज्यांना एकच वनस्पती सुचली याची मौज वाटते.

या बाटलीत अफू नव्हती, हे तिचे मोठेच पुण्य. कारण त्याच सुमारास, १८४९ पासून, अमेरिकेत मिसेस विन्स्लो यांच्या नावाने मुलांना शांत करणारे एक सरबत खपत होते आणि त्यात अफूपासून काढलेले मॉर्फीन होते. बाटलीवर तसे लिहिलेले नसे. आया विश्वासाने चमचाभर पाजीत. १९०६ साली तिकडे कायदा झाला, अशा जिनसांची नावे बाटलीवर छापणे भाग पडले आणि मग आयांचे डोळे उघडले.

परक्यांना नावे ठेवून आपण मोकळ्या होऊ, तर तसेही नाही. मुंबईत बाळगोळी मिळत असे, तिच्यात अफू असे. गिरणगावातली बाई पहाटे भोंगा वाजला की घर सोडी. यंत्राच्या खडखडाटात आणि कापसाच्या धुळीत तान्हे मूल ठेवायचे कुठे? घरी सांभाळायला असली तर एखादी म्हातारी, नाहीतर सात-आठ वर्षांची थोरली मुलगी. तेव्हा गोळी चाटवून मूल निजवीत. १९२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणीकामगार बायकांची पाहणी केली, तेव्हा हा प्रघात किती पसरला आहे ते उघड झाले. १९३१ च्या शाही मजूर आयोगानेही त्याची नोंद घेतली.

कोणी म्हणेल, काय त्या निर्दय आया! मला तसे म्हणवत नाही. नॉटिंगहॅमची लेसवाली आणि परळची गिरणवाली, दोघींची माया आपल्यासारखीच होती. त्यांच्यापाशी नव्हता तो वेळ. बाळाच्या पोटात वारा होता की भूक, हे पाहायलाही त्यांना सवड नव्हती.

म्हणून मला वाटते, बाळाच्या पोटदुखीवरचे खरे मोठे औषध कायद्याच्या पुस्तकातून आले. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतिणीला पगारी रजा देण्याचे बिल आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची तरतूद आली. १९६१ साली सबंध देशासाठी १२ आठवड्यांची बाळंतपणाची रजा ठरली आणि २०१७ साली ती पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाली. मात्र दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानात राबणाऱ्या, शेतावर जाणाऱ्या आणि आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईला त्या रजेचा उपयोग नाही, हे विसरून चालणार नाही.

दरम्यान डॉक्टरांनीही पुष्कळ शोध केला. १९५४ साली अमेरिकेत डॉ. वेसेल आणि त्यांच्या सोबत्यांनी अशा रडण्याची एक व्याख्या केली. चांगले खाणारेपिणारे मूल दिवसात ३ तासांहून जास्त, आठवड्यात ३ दिवसांहून जास्त आणि ३ आठवड्यांहून जास्त रडत असेल, तर ते या जातीचे रडणे. ते साधारण सहाव्या आठवड्यात शिगेला पोचते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते. नेमके कारण अजूनही ठरलेले नाही. पुष्कळदा वारा हे रडण्याचे कारण नसतेच, उलट रडताना हवा गिळल्यामुळे पोट फुगते.

जुन्या औषधांचीही फेरतपासणी झाली. ब्रिटनमध्ये १९९२ साली ग्राइप वॉटरमधला मद्यार्क काढून टाकावा लागला. डायसायक्लोमिन नावाचे पोटदुखीचे औषध पूर्वी तान्ह्यांना सर्रास देत, पण काही बाळांचा श्वास अडखळल्यावर सहा महिन्यांखालच्या मुलांना ते वर्ज्य ठरले. घुटीत घालतात त्या मधातूनही तान्ह्याला गंभीर विषबाधा होऊ शकते, हे पुढे अमेरिकेत उघडकीस आले. २००१ सालापासून जागतिक आरोग्य संघटना सांगते, की पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, पाणीसुद्धा नाही. मग घुटीही नको आणि ग्राइप वॉटरही नको.

यावर आमच्या वडीलधाऱ्या बायका रुसतील. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की घुटीचा निम्मा गुण सहाणेत नव्हता, मांडीत होता. घुटी देणारी आजी बाळाला मांडीवर घेई, पोटावरून कोमट हात फिरवी, पाय हळूहळू गुडघ्यात मुडपून पोटाशी नेई, खांद्यावर टाकून पाठ थोपटी आणि ढेकर आला की गाणे म्हणत झुलवी. ते सारे आजही करावे. त्याला कोणा डॉक्टरांची ना नाही.

मात्र बाळाला ताप असला, हिरवी उलटी झाली, शौचातून रक्त पडले, पोट टणक फुगले किंवा बाळ दूध ओढेनासे झाले, तर ते नेहमीचे रडणे समजू नये. तेव्हा घटकाभरही न थांबता दवाखाना गाठावा. आणि रडण्याने आपलाच जीव मेटाकुटीला आला तर बाळाला गदागदा हलवू नये. त्याला पाळण्यात नीट निजवावे आणि दुसरीला हाक मारावी.

ती दुसरी आपण व्हायचे आहे. आपल्या मंडळात शिवणाचा वर्ग आहे, भजन आहे, हळदीकुंकू आहे. त्यात एक लहानसे काम जोडावे असे मी सुचवते. आळीत कोणी बाळंतीण असेल, मग ती सदस्य असो नसो, वाड्यातली असो की चाळीतली, तिच्याकडे पहिले तीन महिने संध्याकाळी तासभर आळीपाळीने जावे. तिचे बाळ आपल्या खांद्यावर घ्यावे आणि तिला दोन घास सुखाने खाऊ द्यावेत. याला वर्गणी लागत नाही आणि ठरावही लागत नाही.