नर्व्ह ग्रोथ फॅक्टर : चेतापेशींना जगवणारे प्रथिन

चेतापेशींची वाढ घडवून त्यांना जिवंत ठेवणाऱ्या प्रथिनांपैकी सर्वप्रथम सापडलेले प्रथिन म्हणजे ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’ अर्थात चेतावृद्धी घटक. इटलीत १९३८च्या वंशभेदी कायद्यांमुळे ज्यू असलेल्या रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना विद्यापीठाची दारे बंद झाली. त्यांनी तुरीनमधील घरात, शयनगृहातच प्रयोगशाळा थाटून कोंबडीच्या भ्रूणांवर संशोधन चालू ठेवले. पुढे अमेरिकेतील सेंट लुईस येथे १९५०च्या दशकात त्यांनी व स्टॅन्ली कोहेन यांनी या घटकाचा शोध लावला. त्यासाठी दोघांना १९८६चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मेंदूच्या अग्रभागाच्या तळाशी असलेल्या, स्मृतीशी निगडित चेतापेशी या घटकावर अवलंबून असतात आणि अल्झायमरमध्ये त्याच झिजतात. त्यामुळे उपचाराची आशा निर्माण झाली. मात्र हे प्रथिन रक्तातून मेंदूत सहज शिरत नाही. ते थेट मेंदूच्या पोकळीत सोडले असता रुग्णांना वेदना झाल्या, त्यांचे वजन घटले. नंतर या प्रथिनाचे जनुक मेंदूत टोचण्याची चाचणी ४९ रुग्णांवर झाली. तिचाही लाभ दिसला नाही. मृत्यूनंतर काही रुग्णांच्या मेंदूची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. जनुक इच्छित पेशींपर्यंत पोहोचलेच नव्हते, असे त्यांत आढळले. म्हणजे औषध निरुपयोगी ठरले नाही. त्याची खरी परीक्षाच झाली नाही.

डोळ्यांच्या बुबुळावरील चेतातंतूंच्या विकारासाठी मात्र याच प्रथिनाच्या थेंबांना अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. तिथे औषध थेट जागेवर पडते. मेंदूच्या बाबतीत तोच मार्ग अजून सापडायचा आहे.