भातुकलीचा कारखाना

कारखान्याचा इतिहास सांगणारे बहुधा वाफेच्या इंजिनापासून आरंभ करतात आणि यंत्रमानवापाशी येऊन थांबतात. मधल्या काळात एक विद्या कारखान्यात शिरली. तिचा आवाज झाला नाही, धूर निघाला नाही, म्हणून तिची दखल फारशी कोणी घेतली नाही. नवे यंत्र बसवण्यापूर्वी, गोदामाची जागा बदलण्यापूर्वी किंवा पाळीतली माणसे कमी करण्यापूर्वी तो सारा कारखाना आकड्यांत चालवून पाहण्याची ही विद्या. तिला सिम्युलेशन म्हणतात. मी कॉलेजची पायरी चढलेला नाही. माझे शिक्षण युनियनच्या कचेरीत, रात्रीच्या दिव्याखाली झाले. तरीही हा विषय आपल्यापुढे मांडतो आहे, कारण वाटाघाटींच्या वेळी टेबलापलीकडून येणारा कागद अलीकडे पुष्कळदा या विद्येतून निघालेला असतो. ‘हे आकडे कॉम्प्युटरने काढले आहेत’ असे एकदा म्हटले की आपली माणसे गप्प होतात.

ही विद्या आहे तरी काय? लहान मुले भातुकली मांडतात. तिथे खरा भात शिजत नाही, पण संसाराचा क्रम चुकत नाही: आधी चूल, मग आधण, मग तांदूळ. सिम्युलेशन ही कारखान्याची भातुकली होय. तिच्यात लोखंड नसते; पण काम केव्हा आले, कोणत्या यंत्रापाशी खोळंबले, यंत्र केव्हा मोकळे झाले, हा क्रम असतो. तिथले घड्याळही लटकेच. ते सेकंदासेकंदाने चालत नाही; एका घटनेवरून पुढच्या घटनेवर उडी घेते. काम आले की नोंद करायची. यंत्र मोकळे असेल तर चढवायचे, नसेल तर रांगेत ठेवायचे. ते केव्हा संपेल ती वेळ यादीत लिहायची. मग यादीतली सर्वांत जवळची वेळ पाहून घड्याळ तिथे न्यायचे. पुढचे काम केव्हा येईल आणि किती वेळ घेईल, हे सोडत काढल्यासारखे आकडे काढून ठरवायचे. फासे, वही आणि पेन्सिल यांवर हे जमते. आमच्या अभ्यासवर्गात आम्ही तसेच करतो. कॉम्प्युटर महिन्याभराचा कारखाना क्षणात चालवून दाखवतो, एवढाच फरक.

एक उदाहरण घेऊ. एका यंत्रापाशी सरासरी ६ मिनिटांना एक काम येते आणि ते करायला सरासरी ५ मिनिटे लागतात. साहेब म्हणेल, दर कामामागे एक मिनिट यंत्र रिकामे आहे. कामे घड्याळाच्या ठोक्यावर आली आणि प्रत्येकाला नेमकी ५ मिनिटेच लागली, तर त्याचे म्हणणे खरे. रांग लागणारच नाही. पण खऱ्या जगात दोन कामे एकदम येतात, मग बराच वेळ एकही येत नाही. येण्याच्या आणि करण्याच्या वेळांत अशी पूर्ण अनियमितता धरली, तर गणित सांगते की प्रत्येक कामाला सरासरी २५ मिनिटे रांगेत थांबावे लागेल. पाच मिनिटांच्या कामाला पंचवीस मिनिटांचा खोळंबा! आता हत्यार थोडे बोथट झाले आणि ५ ची साडेपाच मिनिटे झाली असे समजा. वाढला केवळ अर्धा मिनिट. पण रांगेतली वाट सुमारे ६० मिनिटांवर जाते. खात्यात माल का तुंबला म्हणून ज्याच्यावर मुकादम ओरडतो, त्या कामगाराने हा हिशेब अवश्य समजून घ्यावा. माल कामचुकारपणामुळेच तुंबतो असे नाही. यंत्राला दम घ्यायला जागा ठेवली नाही म्हणूनही तो तुंबतो.

एका यंत्राचा हिशेब सूत्राने सुटतो. चाळीस यंत्रे, दोन क्रेन आणि मधूनच बिघडणारी भट्टी असली की सूत्र हात टेकते. म्हणूनच ही विद्या पोलादाच्या कारखान्यांत लवकर रुजली. इंग्लंडात शेफील्डच्या युनायटेड स्टील कंपनीत के. डी. टोचर यांनी १९५० नंतरच्या दशकात पोलादाचा कारखाना कॉम्प्युटरवर चालवून पाहण्याची पद्धत बसवली. त्यांचा या विषयावरचा ग्रंथ १९६३ साली निघाला. अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीच्या जॉफ्री गॉर्डन यांनी १९६१ साली याच कामासाठी एक आज्ञावली तयार केली.

पण मला विशेष सांगायचे आहे ते नॉर्वेविषयी. त्या काळी उणीपुरी ३६ लाख वस्तीचा हा देश. तेथील क्रिस्टन न्यूगोर या तरुण गणितज्ञाने १९४९-५० मध्ये देशाच्या पहिल्या अणुभट्टीसाठी असेच सोडतीच्या आकड्यांचे हिशेब हाताने करवून घेतले होते. पुढे ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये त्याने ओले-योहान डाल या सहकाऱ्याबरोबर ‘सिम्युला’ नावाची कॉम्प्युटरची भाषा रचली. १९६२ साली आराखडा, १९६५ पर्यंत ती कामाला लागली, आणि १९६७ साली तिचे सुधारलेले रूप आले. पुलावरच्या टोलनाक्यापाशी रांगेत उभ्या असलेल्या बसगाड्या आणि ट्रक, असली उदाहरणे घेऊन या दोघांची चर्चा चाले. दोन्ही वाहनेच, दोन्ही रांगेत थांबतात. पण एकीत उतारू, दुसऱ्यात माल. हे साम्य आणि हा भेद भाषेत कसा मांडावा या विचारातून जी कल्पना निघाली, तिच्यावर आज जगातले निम्मेअधिक प्रोग्रॅमिंग उभे आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. प्रसिद्ध सी-प्लस-प्लस भाषेचा कर्ता स्ट्रूस्ट्रुप हाही सिम्युला वापरूनच या कल्पनेकडे वळला.

विद्वानांच्या इतिहासात न्यूगोरची गोष्ट बहुधा इथे संपते. माझ्या दृष्टीने ती इथे सुरू होते. आपली भाषा वापरून लोक काय करतात हे तो पाहत होता. सिम्युलात कारखाना मांडायचा म्हणजे माणसांचे कामही मांडायचे. मांडणाऱ्याला कामगार दिसतो तो ‘लागणारा वेळ’ म्हणून. जुना कारागीर शिकाऊ पोराचा हात धरून त्याला चाकावर बसवतो, आवाजावरून बेअरिंग गेले हे ओळखतो, पुढच्या खात्याला आधीच हाक मारतो. यातले काही त्या मांडणीत येत नाही. जे आले नाही ते कारखान्यात नाही असे समजून कामाची नवी वाटणी होते. या भाषेमुळे कामगाराच्या हातातले कसब कमी होईल आणि हुकूम वाढेल, हे तिच्याच कर्त्याच्या ध्यानात आले.

असे ध्यानात आलेले पुष्कळ असतात. ते एखादा लेख लिहितात आणि मोकळे होतात. हा गृहस्थ युनियनकडे गेला. नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगार युनियनने १९७० च्या अधिवेशनात कॉम्प्युटरचा प्रश्न हाती घेण्याचे ठरवले आणि १९७१ ते १९७३ या काळात न्यूगोर व त्याच्या सहकाऱ्यांनी युनियनबरोबर काम केले. तज्ज्ञांनी पाहणी करावी आणि अहवाल युनियनला द्यावा, असा पहिला बेत होता. तो त्यांनी मोडीत काढला. अहवाल कपाटात जातो हे आम्हां युनियनवाल्यांना वेगळे सांगायला नको! त्याऐवजी निवडक कारखान्यांतल्या कामगारांचीच अभ्यासमंडळे काढली. आपल्या खात्यात कोणती योजना येते आहे, तिच्यात आपले काम कसे धरले आहे, हे ती स्वतः शोधू लागली. त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तके लिहिली गेली. युनियन जे पाऊल उचलील तेच संशोधनाचे फळ मानायचे, असे ठरले.

या कामाचे फळ करारात उतरले. १९७५ साली नॉर्वेतील कामगारांचा मध्यवर्ती संघ आणि मालकांचा मध्यवर्ती संघ यांच्यात कॉम्प्युटर-योजनांविषयी करार झाला. कामगारांना आपल्यातून या विषयाचा खास प्रतिनिधी निवडता येऊ लागला. योजना अमलात येण्यापूर्वी तिची माहिती मिळण्याचा हक्क मान्य झाला. माहिती द्यायची ती विशेष ज्ञान नसलेल्या माणसालाही कळेल अशा सोप्या भाषेत, हेही कलमात लिहिले गेले. दोन वर्षांनी, १ जुलै १९७७ पासून लागू झालेल्या कायद्याने नियोजनाच्या पद्धतींची माहिती, त्या समजण्यासाठी लागणारे शिक्षण आणि त्या ठरवण्यात भाग घेण्याचा अधिकार कामगारांना दिला.

२००१ सालचे ट्युरिंग पारितोषिक सिम्युलासाठी न्यूगोर आणि डाल यांना मिळाले. २००२ च्या जूनमध्ये डाल गेले, ऑगस्टमध्ये न्यूगोर. सिम्युलेशनची साधने आज फुकट मिळतात आणि साध्या संगणकावर चालतात. आमच्या अभ्यासवर्गात आम्ही अजून फाशांनीच आरंभ करतो. पहिल्या संध्याकाळी प्रत्येकाने आपल्या यंत्रापाशी दिवसभरात कोणते काम केव्हा आले आणि केव्हा संपले हे वहीत लिहून आणायचे असते. साहेबाच्या तक्त्यातली वेळ आणि त्या वहीतली वेळ शेजारी-शेजारी ठेवली, की पुढचे प्रश्न पोरे स्वतःच विचारू लागतात.